हिवाळ्यात घरी राहणे

२०२४-२५ चा हिवाळा आम्ही घरीच काढला. छातीचा जुना विकार थंडीत बळावतो म्हणून डॉक्टरांनी नोव्हेंबरपासूनच प्रवासाला मनाई केली होती. इतरांना ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु आपल्या समाजात वाढलेल्या माणसाला हिवाळ्यात घरी बसणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

तथागतांनी भिक्खुसंघाला पावसाळ्यात एका जागी राहण्याची शिस्त लावून दिली. तो वर्षावास. आपला हिवाळा मात्र घराबाहेर पडण्याचा ऋतू आहे. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन, २५ डिसेंबरला महाडच्या मनुस्मृतिदहनाचे स्मरण, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, १४ जानेवारीला नामविस्तार दिन आणि शेवटी २६ जानेवारी. मध्येच नागपूरचे हिवाळी अधिवेशन आणि त्यावर निघणारे मोर्चे. गेली कित्येक वर्षे आम्ही राळेगावहून वर्धा गाठून दादरची गाडी धरत आलो. शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या दुकानांतून पिशवी भरून परतलो की पुढल्या वर्षभराची शिदोरी झाली, असे वाटे. यंदा ती पिशवी खुंटीलाच राहिली आणि आम्ही ओसरीत ऊन खात बसलो.

घरी बसलेल्या माणसाला दोन खिडक्या असतात. एक दूरचित्रवाणीची, दुसरी गल्लीची. पहिल्या खिडकीतून देशाचे राजकारण दिसत होते. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. २६ नोव्हेंबरला संविधान स्वीकारल्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटले, धरपकड झाली; आणि १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला तीन मंत्रिपदे मिळाली, त्यांपैकी एक राळेगाव मतदारसंघाला. गावात फटाके वाजले. एकाच दिवसाच्या या दोन बातम्या एकाच पडद्यावर पाहताना आम्हांला कोणत्या बातमीला काय म्हणावे ते सुचेना. त्यानंतर दोनच दिवसांनी राज्यसभेतील संविधानावरच्या चर्चेत बाबासाहेबांच्या नामोच्चारावरून एक विधान झाले आणि देशभर गदारोळ उठला. सभागृहाबाहेर दोन्ही बाजूंच्या हातांत बाबासाहेबांची छायाचित्रे होती.

दुसऱ्या खिडकीतून गल्ली दिसत होती. सकाळी सातच्या सुमारास चौकात मजुरांची गाडी येऊन उभी राही. डोक्याला फडके, कमरेला ओटी बांधलेल्या बाया तीत दाटीवाटीने बसत. त्या गाडीत एके दिवशी आम्हांला शाळेच्या गणवेशाचा स्वेटर दिसला. दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. स्वेटर शाळेचा होता, दप्तर नव्हते. दप्तराच्या जागी भाकरीचे गाठोडे होते. दुसऱ्या दिवशी ती दिसली, तिसऱ्या दिवशीही दिसली. आम्ही विचारपूस केली तेव्हा शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, “गुर्जी, वेचा आटपला का जाईन थे शाळेत. सध्या घरी राह्यते.”

घरी राहते! म्हातारा माणूस हिवाळ्यात घरी राहतो तेव्हा त्याच्या अंगावर शाल असते. मजुराचे मूल हिवाळ्यात ‘घरी राहते’ तेव्हा ते वास्तविक घरी नसतेच. ते दवाने ओल्या झालेल्या पऱ्हाटीत कमरेएवढे बुडून बोंडे वेचत असते. या दोन घरी राहण्यांतले अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

हे अंतर आम्हांला ऐकून ठाऊक नाही. १९६७ च्या हिवाळ्यात आम्ही चौथीत होतो. बाप सालदार, माय मजुरीला. सीतादही झाली की वेचा सुरू होई आणि मजुरी वजनावर मिळे. मजुरी वजनावर असली की वेचणाऱ्याचे वय कोणी विचारत नाही. “पोट्टं चार किलो तरी वेचीन,” असे माय म्हणाली आणि आमची पाटी कोनाड्यात गेली. सुकलेल्या बोंडांची टोके इतकी धारदार असतात की आठ दिवसांत बोटांची कातडी सोलवटून निघते. दिवाळीनंतर गेलेलो आम्ही शाळेत परतलो ते संक्रांतीनंतर. तोवर वर्ग अपूर्णांकांपर्यंत पोहोचला होता आणि आम्ही भागाकारावरच होतो. त्या वर्षी आमच्याबरोबर वेचायला असलेली चार मुले पुन्हा शाळेत आलीच नाहीत. आम्ही परतलो याचे श्रेय आमच्या बुद्धीला नाही. आमच्या गुरुजींनी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घरी येऊन बापाला सुनावले आणि पुढल्या जूनमध्ये दूरच्या एका वसतिगृहात आमचे नाव घातले, म्हणून आम्ही परतलो.

त्या वसतिगृहात दोन मुलांत एक घोंगडी होती. मध्यरात्री एकाने कूस वळवली की दुसरा उघडा पडे. पण तिथे एक गोष्ट होती जी घरी नव्हती. सकाळ उजाडली की वेचायला जायचे नसे, शाळेतच जायचे असे. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी हे तीन महिने सलग शाळेत बसलो तेव्हा आम्हांला प्रथमच कळले की आम्ही गणितात कच्चे नव्हतो. आमचे तीन महिने कच्चे होते. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. त्या काळात नाताळच्या सुट्टीत घरी आलो की बापाला भाकर पोहोचवायला राळेगावला जात असू. मालकाच्या कापसाची गाडी घेऊन तो दोन-दोन रात्री रांगेत असे. पऱ्हाटीच्या शेकोटीभोवती बसलेले ते सालदार आमच्याकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत, “ह्यो बोर्डिंगात शिकते.” त्या शब्दांत असूया नसे, आशा असे.

पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो. शिक्षकाला गावाचे राजकारण हजेरीपटात वाचता येते. जुलैचे पान भरगच्च असते. नोव्हेंबरपासून काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते आणि फेब्रुवारीत ती रांग तुटते किंवा कायमची राहते. ही नावे बहुतांश मजुरांच्या मुलांची. आपल्या वस्तीतली, कोलामांच्या पोडावरली, गोंडांची. मुलींची अधिक. तीस वर्षे हे पान उलटत राहिल्यावर आमची अशी ठाम धारणा झाली की निवासी शाळा ही मुलांना घरापासून दूर नेणारी संस्था नसून त्यांचा हिवाळा त्यांना परत मिळवून देणारी संस्था आहे.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने आरंभीच्या काळातच जे काम हाती घेतले ते वसतिगृहाचे. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला ते सुरू झाले. महाडचा सत्याग्रह १९२७ चा आणि काळाराम मंदिराचा १९३० चा. म्हणजे तळे आणि मंदिर यांच्या आधी वसतिगृह आहे. आपण महाडची तारीख पाठ म्हणतो. सोलापूरच्या वसतिगृहाची शताब्दी मात्र याच हिवाळ्यात येऊन गेली आणि आमच्या ऐकण्यात तरी तिचा एकही फलक लागला नाही.

आता संविधानाविषयी. मूळ संविधानाच्या कलम ४५ मध्ये राज्याने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले होते आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती मुदत २६ जानेवारी १९६० ला संपली. आम्ही १९६७ ला पाटी कोनाड्यात ठेवून पऱ्हाटीत शिरलो तेव्हा ती उलटून सात वर्षे झाली होती. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आणि २०२४ च्या डिसेंबरात शाळेचा स्वेटर घातलेली मुलगी मजुरांच्या गाडीत बसली. परभणीत काचेच्या पेटीतील संविधानाची विटंबना झाली, तिचा निषेध झालाच पाहिजे आणि तो समाजाने केला. परंतु कलम ४५ ची जी विटंबना दर हिवाळ्यात आमच्या चौकातून सकाळी सात वाजता जाते, तिच्याविरुद्ध एकही मोर्चा निघत नाही. हे आम्ही कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. इतकी वर्षे मोर्चाला जाण्याच्या घाईत आम्हांलाही ती गाडी दिसली नव्हती.

कोणी म्हणेल, परभणीसारखा अन्याय समोर असताना गुरुजी हजेरीपटाच्या गोष्टी काढतात. त्यांना आमचे सांगणे इतकेच की सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला तरुण कायदा शिकत होता. त्याच्यासाठी न्यायालयात उभे राहणारे वकील, प्रश्न विचारणारे पत्रकार, अहवाल वाचू शकणारे कार्यकर्ते ज्या मुलांतून यायचे, ती मुले आज चौथी-पाचवीत आहेत. त्यांचे तीन महिने दर वर्षी कापसात गेले तर दहा वर्षांनी आपल्याकडे घोषणा देणारे गळे उरतील, युक्तिवाद करणारे उरणार नाहीत.

कोणी आईबापांना दोष देईल. तो दोष आम्हांला मान्य नाही. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता आणि शेतकऱ्याच्या हातात अनेकदा त्याहून कमी पडले. अशा शेतकऱ्याकडून मजुराला मिळणारी मजुरी किती वाढणार? घरात दोन हात अधिक असले तर उन्हाळ्याचे धान्य होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदाही कुटुंबाच्या कामात शाळेच्या वेळेबाहेर व सुट्टीत मदत करण्यास मुभा देतो. एकदा मुभा मिळाली की ‘बाहेर’ आणि ‘आत’ यांतली रेघ कोण पाहतो? दोष धोरणाचा आहे. २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. शाळा पाच कोस दूर गेली की वेच्याच्या दिवसांत तिथे कोण जाणार? ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. पण तिचा पैसा परीक्षेनंतर आला तर खानावळवाला तोवर थांबत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. रिपब्लिकन पक्ष १९५७ च्या ऑक्टोबरात नागपूरला जन्मला आणि थोड्याच वर्षांत फुटला. तेव्हापासून कोणता गट खरा या वादात आपल्या ओसऱ्या तापत आल्या. शेकोटी पेटवायला तो वाद ठीक आहे, घर चालवायला नाही. पुढल्या वेळी मत मागायला कोणीही आले, कोणत्याही रंगाचा गमछा घालून आले, तरी त्याला तीन प्रश्न विचारावेत. आमच्या गावची शाळा चालू राहील काय? वसतिगृहाची जागा व शिष्यवृत्ती वेळेत मिळेल काय? आणि वेच्याच्या दिवसांत मजुराच्या मुलाची जबाबदारी कोण घेईल? जो बाबासाहेबांचे नाव दहा वेळा घेईल आणि या तिन्ही प्रश्नांवर गप्प बसेल, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

आणि जे आपल्या हातात आहे त्याला सरकारची वाट पाहू नये. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेक जण आज नोकरीत आहात, काही परदेशी आहात. प्रत्येक गावातून दोघा-तिघांनी दिवाळीनंतर शाळेत जाऊन गुरुजींकडून गैरहजर मुलांची नावे घ्यावीत. त्या घरी जावे. उपदेश करू नये. तीन महिन्यांत मुलाच्या मजुरीचे किती येणार होते ते विचारावे आणि चौघांनी मिळून तेवढे धान्य घरात टाकावे. संध्याकाळी विहारात दोन तास दिवा व शिकवणारा मिळेल इतके पाहावे. विहारात बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लागतेच, तिच्याच उजेडात भागाकार होऊ द्यावा. पालकांना हात जोडून विनंती, की मुलगा बोर्डिंगात आणि मुलगी पऱ्हाटीत, ही वाटणी यापुढे करू नये.

चौकशी केल्यावर त्या स्वेटरवाल्या मुलीच्या घरी आम्ही गेलो. काठी टेकत, गल्लीतल्या गल्लीत, म्हणजे डॉक्टरांची आज्ञाही मोडली नाही. तिच्या आईने आम्हांला बसायला पाट दिला आणि ऐकून घेतले. संक्रांत येईपर्यंत ती मुलगी रोज दुपारी शाळा सुटल्यावर आमच्या ओसरीत येत होती. चार दिवस तरीही बुडाले. पण ती अपूर्णांकांपर्यंत वर्गाबरोबर पोहोचली. दादरला न जाता आमच्या हातून या हिवाळ्यात एवढेच घडले.

अंगुत्तर निकायात हिवाळ्याचा एक प्रसंग आहे. आळवीजवळच्या रानात गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या खडबडीत जमिनीवर, पानांच्या अंथरुणावर तथागत बसलेले आहेत. थंड वारा सुटला आहे, चीवर गार आहे. हत्थक येऊन विचारतो, भगवंतांना सुखाने झोप लागली काय? तथागत होकार देतात आणि त्याला उलट विचारतात: उबदार घरात, मऊ अंथरुणावर निजलेला गृहस्थ राग, द्वेष आणि मोह यांनी जळत असेल तर तो सुखाने झोपेल काय?

आम्ही यंदा जाड रजईत झोपलो. बातम्या पाहून मनात द्वेष दाटलेल्या रात्री झोप आली नाही. ती मुलगी अपूर्णांक सोडवून घरी गेली त्या रात्री मात्र एका घोंगडीत दोघे निजत होतो तेव्हासारखी झोप लागली. या निवासी शाळेत आज जी मुले निजली आहेत त्यांचा हिवाळा सुखाचा जावो आणि ज्यांचा हिवाळा अजून पऱ्हाटीत आहे त्यांच्यासाठी येथे एक घोंगडी अधिक असो, हीच मंगलकामना.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!