एका गोळीत दोन औषधे

सातारा असो की सांगली, डिप्रेशनची चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवली की काउंटरवर येणाऱ्या पट्टीच्या नावामागे पुष्कळदा ‘प्लस’ असे शेपूट असते. पट्टीच्या मागे बारीक इंग्रजीत लिहिलेले असते: एस्सिटॅलोप्रॅम 10 मिलिग्रॅम, क्लोनाझेपॅम 0.5 मिलिग्रॅम. म्हणजे गोळी एक आणि औषधे दोन. पहिले नैराश्यावरचे. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. दुसरे घबराट शमवणारे, झोप आणणारे; त्याचा असर पहिल्याच रात्री जाणवतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी घरात सगळे म्हणतात, ‘गोळी लागू पडली.’ खरे औषध तेव्हा कामाला लागलेलेही नसते.

पुढची गोष्ट नेहमीची आहे. दोन-तीन महिन्यांनी बरे वाटते, पैसेही वाचवायचे असतात, म्हणून पेशंट कोणाला न विचारता पट्टी आणणे बंद करतो. झोप उडते, हात थरथरतात, छातीत धडधडते. मग गावभर होते, ‘डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते, एकदा चालू झाल्या की सुटत नाहीत.’ हे अगदीच खोटे नाही, पण नाव चुकीच्या औषधाचे घेतले जाते. सवय लागते ती क्लोनाझेपॅमची, म्हणूनच ते थोडे दिवस देऊन कमी करत आणायचे असते. एस्सिटॅलोप्रॅमची नशा नसते. ते एकदम थांबवले तर काही दिवस गरगरते, विजेचा झटका बसल्यासारखे वाटते, म्हणून तेही हळूहळूच सोडायचे. हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे मिळत नाहीत आणि त्याची किंमत पुढच्या दहा पेशंटांच्या मनातली भीती वाढून चुकती होते.

हे सांगणे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेले नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 मध्ये लागू झाला. त्याच्या कलम 22 नुसार आजार काय आहे, उपचार कोणते सुचवले आहेत आणि त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत आणि अशा स्वरूपात कळले पाहिजे. या कायद्याच्या मसुद्याला पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मंडळींचा मोठा हातभार लागला होता. इतके जवळचे असूनही समजेल अशा भाषेतला छापील कागद हातात पडलेला पेशंट शोधावा लागतो.

माहिती मिळाली तरी निवडायला असते काय, असे विचारणारे भेटतातच. पुष्कळ असते. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ने 522 चाचण्या एकत्र तपासलेला अभ्यास छापला. त्यातली नैराश्यावरची 21 औषधे दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली आणि गुणाच्या बाबतीत त्यांच्यात फार मोठे अंतर निघाले नाही. अंतर असते ते दुष्परिणामांत, आणि कोणता दुष्परिणाम परवडेल हे पेशंटशिवाय कोणी सांगू शकत नाही. तासगावचा द्राक्ष बागायतदार फळछाटणीनंतर पहाटे ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारणीला निघतो. गुंगी आणणारी गोळी त्याच्या जिवावर बेतेल. महाबळेश्वरच्या घाटात एसटी चालवणाऱ्याचेही तेच. उलट म्हसवडची सत्तरीची आजी, जिची भूक मेली आहे आणि जी रात्रभर कूस बदलत असते, तिला मिर्टाझापिन सोसेल. त्याने झोप येते, भूक लागते, वजन वाढते. तेच वजन लग्नाच्या वयाच्या मुलीला नको असते. बऱ्याच गोळ्यांनी कामेच्छा मंदावते. नवीन लग्न झालेला मुलगा हे बायकोलाही सांगत नाही, डॉक्टरला तर नाहीच. तो गुपचूप गोळी सोडतो. हा प्रश्न कमी असलेले बुप्रोपिऑन बाजारात आहे, पण त्यासाठी डॉक्टरने आपणहून विषय काढावा लागतो. ज्याला रोज गोळी घ्यायची आठवण राहत नाही त्याला फ्लुऑक्सेटिन बरे, कारण ते शरीरात बरेच दिवस टिकते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने नेमके हेच कार्डांवर छापले: वजन, झोप, लैंगिक तक्रारी, औषध सोडताना होणारा त्रास, खर्च. डॉक्टर कार्डे टेबलावर ठेवून विचारतो, ‘यातले आधी कशाबद्दल बोलू?’ मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधल्या 10 दवाखान्यांत रुग्णांवर याची चाचणी झाली आणि 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांना जास्त कळले, निर्णयाबद्दल त्यांना खात्री वाटली, तपासणीचा वेळ वाढला नाही. मात्र गोळ्या नियमित घेण्यात किंवा नैराश्य कमी होण्यात फरक दिसला नाही. कार्डांचे गोडवे गाणारे हे शेवटचे वाक्य गाळतात, गाळू नये. सांगितले म्हणून आजार लवकर बरा होतो, असा दावा करायचे कारणच नाही. गोळी ज्याच्या पोटात जाते त्याला ती काय आहे हे कळावे, एवढे कारण पुरे आहे. शिवाय तिथल्या पेशंटला कार्डांविनाही डॉक्टर बरेच काही सांगत असणार. इथे सुरुवात ‘1-0-1, महिन्याने या’ इथून आहे.

आणि निवड गोळ्यागोळ्यांतलीच नसते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, सौम्य नैराश्यात रुग्णाने स्वतः मागितल्याशिवाय गोळीने सुरुवात करू नये. हे श्रीमंत देशाचे लाड वाटतील, तर गोव्याकडे पाहावे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर चाचणी केली. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. गावातलीच, प्रशिक्षण दिलेली माणसे होती. सहा ते आठ बैठकांत ती रुग्णाला सुटलेली कामे, तुटलेली माणसे पुन्हा धरायला मदत करत. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

साताऱ्याला ही कल्पना परकी नाही. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात व्यसनमुक्तीसाठी ‘परिवर्तन’ संस्था उभी केली. पुढे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकरांनी तिचे काम मानसिक आरोग्याकडे वाढवले, आणि साध्या कार्यकर्त्यांना ‘मानसमित्र’ म्हणून तयार करण्याचा प्रयोग या मंडळींनी केला. पण जत, आटपाडी किंवा माणमध्ये राहणाऱ्याला ‘आठ बैठका करा’ म्हणणे म्हणजे आठ दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे मागणे आहे. तिथे गोळी हीच एकमेव निवड उरते. फुकट मराठीत बोलणारा ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, तो किती केसपेपरांवर छापलेला असतो, हे एकदा पाहावे.

तीव्र नैराश्यात माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसतो, हा आक्षेप रास्त आहे. जेवणपाणी सोडलेल्या, जगणे नको म्हणणाऱ्या माणसापुढे कार्डे मांडून बसायचे नसते; तिथे आधी जीव वाचवायचा. कायद्याने त्याचीही सोय केली आहे. बरे असताना माणूस पुढच्या उपचारांबद्दलची इच्छा लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमू शकतो. अडचण वेगळीच आहे. सिव्हिलच्या ओपीडीत सौम्य आजाराचा, धडधाकट बोलणारा पेशंटही गप्प बसवला जातो. ‘झोप लागते का?’ हे डॉक्टर विचारतात पेशंटला, उत्तर देतो मोठा मुलगा. सून असेल तर सासू.

डॉक्टरांकडे वेळ नाही, हे खरेच आहे; एका ओपीडीत ढिगाने केसपेपर असतात. म्हणून हे काम एकट्या डॉक्टरवर टाकू नये. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातल्या शिकाऊ डॉक्टरांनी आणि साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांनी मिळून मराठीत पाठपोट एक कागद तयार करावा: गोळीचे नाव, गुण कधी येणार, काय त्रास होऊ शकतो, बरे वाटल्यावरही निदान सहा महिने का घ्यायची, कशी सोडायची, जनऔषधी केंद्रात तीच किती स्वस्त मिळते. रांगेत बसल्या बसल्या आशाताईंनी तो वाचून दाखवावा. आणि ‘प्लस’ची गोळी दिली असेल, तर त्यातले दुसरे औषध कोणत्या तारखेला बंद होणार, ती तारीख डॉक्टरांनी त्याच कागदावर स्वतःच्या हाताने लिहावी.