बहिणाबाईंची भक्ती हतबल नव्हती




बहिणाबाई चौधरींची भक्ती म्हणजे परिस्थितीपुढे टेकलेले हात, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी म्हटले आहे. मला हे मुळीच पटत नाही.

असोद्याच्या या लेकीला अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरात लेकरे, माथ्यावर शेतीचा भार. तरी हात पाहू म्हणणाऱ्या ज्योतिष्याला त्यांनी आपल्या कवितेत दारातूनच परत पाठवले. देवाला मानायचे, पण नशिबाचा धाक बाळगायचा नाही, याला शरणागती कशी म्हणायची?

अशी भक्ती पाहायला पत्रलेखकांनी एकदा आमच्याकडे वेळा अमावस्येच्या शेतपूजेला यावे. घरची बाई पहाटेआधीच उठून भज्जी रांधते, ज्वारीच्या अंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन रान गाठते. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा होते, मग पिकात अंबील शिंपडत फेरी. त्या फेरीतच ती हरभऱ्याचा एखादा शेंडा वाकवून अळी बघते आणि फवारणी कधी करायची ते नवऱ्याला तिथेच सांगते. तिची पूजा आणि पिकाची पाहणी वेगळी काढून दाखवता येणार नाही.

आणखी एक. मुलामुळे, म्हणजे सोपानदेवांमुळे, आई कवयित्री झाली, हा समजही चूक. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कवितांचा संग्रह निघाला. सोपानदेवांचे ऋण मोठेच आहे. पण जात्यावर आणि शेतात ओव्या रचल्या त्या आईने.

आपली,
एक शेतकरी वाचक,
दुबलगुंडी, ता. हुमनाबाद, जि. बीदर