अर्थांची यादी कीं शब्दाची ओळख ?

परकी भाषा शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याची एक तक्रार ठरलेली असते : "ह्या भाषेंत एका शब्दाला इतके अर्थ कां ?" पुण्या-मुंबईस हल्लीं स्पॅनिश शिकणारीं मुलें पुष्कळ दिसतात. त्यांच्या वह्यांत डाव्या बाजूस शब्द व उजव्या बाजूस अर्थ, अशीं पानेंच्या पानें भरलेलीं असतात आणि घरीं आईबापहि तींच पानें हातीं धरून मुलांचें पाठांतर घेतात. ह्या उद्योगांतील कळकळ आम्हांस मान्य आहे. परंतु ह्या रीतीनें अर्थ पाठ होतात, शब्द मात्र कळत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठीं 'एस्पेरार' हें एकच क्रियापद घेऊं. कोशांत पाहिलें असतां त्याचे मुख्य अर्थ तीन आढळतात : आशा करणें, अपेक्षा करणें आणि वाट पाहणें. मूळ लॅटिन 'स्पेरारे' ह्या क्रियापदांत आशेचा अर्थ प्रधान होता. फ्रेंच व इटालियन भाषांनीं आशेसाठीं तेंच ठेविलें आणि वाट पाहण्यासाठीं निराळीं क्रियापदें योजिलीं. स्पॅनिश व तिची बहीण पोर्तुगीज ह्यांत मात्र तो एकच शब्द दोन्ही कामें करूं लागला.

आतां दोन वाक्यें पाहा. 'एस्पेरो के येगे एल त्रेन' म्हणजे 'आगगाडी येईल अशी मला आशा आहे.' 'एस्पेरो आ के येगे एल त्रेन' म्हणजे 'आगगाडी येण्याची मी वाट पाहत आहें.' दोहोंत अंतर केवळ एका 'आ'चें ! पहिलें वाक्य बोलणारा कदाचित् घरीं स्वस्थ बसला असेल. दुसरें बोलणारा बहुधा फलाटावर उभा असेल. पुन्हा, 'से एस्पेरा युव्या' ह्या वाक्याचा अर्थ 'पाऊस अपेक्षित आहे' एवढाच. तो कोणास हवा असो वा नसो. तीन अर्थांची यादी घोकलेला विद्यार्थी येथें अडखळतो. वाक्यें ऐकून शिकलेला विद्यार्थी मात्र त्या 'आ'कडे कान देतो व बिनचूक उत्तर देतो. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांस विचारावा, तो असा.

कधीं कधीं शेजारीहि निर्णय देत नाहींत. 'एस्पेरो उना कार्ता' — पत्राची वाट पाहतों, पत्र अपेक्षितों, कीं पत्राची आशा धरतों ? कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस ह्यांची, कर्नलला पत्र लिहिणारें कोणी नाहीं अशा आशयाच्या नांवाची, एक लहान कादंबरी 1961 सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. तींतील वृद्ध कर्नल निवृत्तिवेतनाच्या पत्रासाठीं दर शुक्रवारीं टपाल पाहावयास जातो, आणि पत्र कांहीं येत नाहीं. त्याचें तें करणें वाट पाहणें आहे कीं आशा धरणें, हें वेगळें काढून कोण दाखवील ? तेथें तिन्ही अर्थ एकाच शब्दांत एकत्र नांदतात. मराठी भाषांतरकारास मात्र त्यांतील एक निवडून बाकीचे सोडावे लागतात.

आपल्या भाषेनें ह्याच भावनेकडे दुसऱ्या वाटेनें पाहिलें आहे. 'प्रतीक्षा' व 'अपेक्षा' हे दोन्ही शब्द 'ईक्ष्', म्हणजे पाहणें, ह्या संस्कृत धातूपासून निघाले. आणि आपण वाटहि 'पाहतों'च. स्पॅनिश मनुष्याची प्रतीक्षा आशेंत आहे, आपली डोळ्यांत आहे. हा भेद ज्यास उमगला त्यास परकी भाषेबरोबर स्वभाषाहि थोडी अधिक कळली, असें आम्ही समजतों.

एका शब्दास अनेक अर्थ असणें हा परकीयांचा दोष आहे, असेंहि कोणी मानूं नये. आपलें 'लागणें' पाहा : भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, वेळ लागतो, झाडास फळ लागतें, मुलास अभ्यासाची गोडी लागते. ह्यांची यादी आपण कधीं पाठ केली ? आईच्या तोंडून वाक्यें ऐकलीं आणि शब्द आपोआप आपला झाला.

कोणी म्हणतील, "परीक्षेंत अर्थच विचारतात, वाक्यें जमवीत बसण्यास वेळ कोठें आहे?" कोश व यादी ह्यांस आमचा विरोध नाहीं, अडलें असतां त्या हाताशीं असाव्याच. परंतु यादी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरते, आणि बरोबर केलेलें वाक्य जन्मभर टिकतें. वेळेचा विचार केला तरी लाभ कोणत्या रीतींत अधिक आहे, हें सुज्ञ पालकांस सांगणें नलगे.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची सूचना अशी कीं, नवीन शब्द भेटतांच त्याचे अर्थ मोजूं नका. प्रत्येक अर्थासाठीं एक लहानसें वाक्य लिहा, तें मोठ्यानें वाचा, आणि कोणत्या शेजाऱ्यामुळें अर्थ पालटला तें पाहा. आणि पालकांनीं संध्याकाळीं वही हातीं घेऊन "ह्याचा अर्थ काय ?" असें न विचारतां "हा शब्द घालून एक वाक्य सांग पाहूं" असें म्हणावें. एवढ्या लहान फरकानें घोकणारें मूल विचार करूं लागेल, असा आमचा भरंवसा आहे.