सेवेचा व्याप आणि श्रद्धेचे केंद्र

नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंघटना एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. निरनिराळ्या मिशनांनी उभारलेल्या शाळा, वसतिगृहे व रुग्णालये यांचा मोठा वारसा तिच्या वाट्यास आला. त्याबरोबर एक जुना प्रश्नही आला. समाजकार्याचा व्याप वाढत असता मूळ श्रद्धा केंद्रस्थानी ठेवावी कशी?

१८४५ मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप यांच्या लेखी शाळा चालविणे आणि शुभवर्तमान सांगणे ही एकाच कार्याची दोन अंगे होती. परंतु संस्था एकदा उभी राहिली की तिचे स्वतःचे अर्थकारण सुरू होते. वेतन, इमारती, अनुदानाचे नियम, परीक्षांचे निकाल यांतच कारभाऱ्यांची शक्ती खर्ची पडते. श्रद्धा सोडून द्यावी, असा ठराव कोणीच करीत नाही. ती हळूहळू वार्षिकोत्सवातील प्रार्थनेपुरती उरते. साधनाने साध्याची जागा घेतल्याचे ध्यानात येते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ मध्ये, तेथील सरकारने नियोगी समिती नेमली. धर्मांतराचे साधन म्हणून वैद्यकीय सेवेचा वापर कायद्याने बंद करावा, अशी शिफारस तिने १९५६ च्या अहवालात केली. समितीचे अनेक निष्कर्ष वादग्रस्त ठरले. तरी भुकेल्या वा आजारी माणसाची संमती कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न झटकून टाकता येत नाही.

१९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या जागतिक परिषदेत इव्हँजेलिकल पंथीयांनी सुवार्ताप्रसार व सामाजिक कार्य ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये मानली. मात्र सामाजिक कार्य म्हणजे सुवार्ताप्रसार नव्हे, हेही स्पष्ट केले. सूत्र समतोल होते. व्यवहारात ते पाळावे कसे, याचा धडा मात्र महाराष्ट्राला त्यापूर्वीच मिळाला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. पुढे तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याने वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. केडगावच्या मुक्ती सदनाच्या बाबतीत अशी संदिग्धता उरली नाही. त्याचे ख्रिस्ती स्वरूप उघड होते आणि दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना तेथे आसराही मिळाला. रमाबाईंचे मत न पटणाऱ्यासही आपण कोठे आलो आहोत, हे तेथे कळत होते.

यातून निघणारा मार्ग सरळ आहे. सोपा मात्र नाही. श्रद्धा लपवू नये आणि सेवेला तिची अट घालू नये. रुग्णाला औषध मिळावे ते तो रुग्ण आहे म्हणून. श्रद्धेचे जतन हे रुग्णालयाच्या व्यवस्थापकाचे काम नसून उपासक मंडळीचे आहे.

परदेशी देणग्यांवरील २०१० चा कायदा आणि त्यातील २०२० च्या दुरुस्त्या यांनी बाहेरच्या पैशाची वाट अरुंद केली आहे. हे संकट खरे. पण त्यात एक कसोटीही आहे. दूरच्या दात्याच्या पैशावर चाललेल्या कार्यावरून मंडळीची श्रद्धा मोजता येत नाही. सदरमधील सामान्य पगारदार उपासक आपल्या मिळकतीतून कशासाठी देतो, यावरूनच त्याच्या चर्चचे केंद्र कोठे आहे ते कळेल.