कारखाना शाबूत, तरी गाडी बनेना: ईआरपी म्हणजे नेमकं काय?

माझा मावसभाऊ चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरला आहे. ईआरपी म्हणजे काय रे, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "जीआरएन झालं नाही तर माल गेटच्या आत असूनही आलेलाच नसतो." मला वाटलं गंमत करतोय. पण २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये जे घडलं ते वाचलं, आणि त्याचं म्हणणं शब्दशः पटलं.

झालं असं, की ऑगस्टच्या शेवटी टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला. तो आणखी पसरू नये म्हणून कंपनीने स्वतःच आपल्या सिस्टीम बंद केल्या. आग नाही, स्फोट नाही. तरीही एरवी दिवसाला साधारण हजार गाड्या बाहेर काढणारे कारखाने पाच आठवडे थांबले. वेळही नेमकी वाईट! १ सप्टेंबरला ब्रिटनमध्ये नंबरप्लेटची नवीन मालिका सुरू होते, म्हणजे आपल्याकडे दसऱ्याला असते तशी खरेदीची गर्दी. आणि डीलरला नव्या गाडीचं रजिस्ट्रेशनच करता येईना.

आता प्रश्न असा, की कॉम्प्युटर बंद झाला म्हणून हातातला पाना का थांबावा?

छोट्या धंद्यात हिशोब टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये आणि ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर असते. तिन्हीचा मेळ मालकाच्या डोक्यात. हजारो पार्टची गाडी बनवताना तसं डोकं कुठून आणणार? म्हणून सगळ्या विभागांची माहिती एकाच ठिकाणी ठेवणारं सॉफ्टवेअर लागतं. त्यालाच एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, म्हणजे ईआरपी म्हणतात. एसएपी, ओरॅकल ही त्यातली मोठी नावं.

समजा, बोल्टचा ट्रक गेटवर आला. स्टोअरवाला माल मोजून एंट्री करतो. ही माल मिळाल्याची नोंद म्हणजेच जीआरएन. ती झाली की स्टॉक आपोआप वाढतो. उद्याच्या शिफ्टला बोल्ट पुरतील का, ते प्लॅनिंगवाल्याला दिसतं. कमी पडणार असतील तर परचेसला नवी ऑर्डर काढायची सूचना जाते. तिकडे अकाउंट्समध्ये मूळ ऑर्डर, जीआरएन आणि सप्लायरचं बिल या तीन गोष्टी जुळवल्या जातात. जुळल्या तरच पैसे सुटतात. एंट्री एकच, पण चार विभाग तिच्यावर चालतात. ईआरपीची सगळी ताकद यातच आहे. आणि माझ्या मते धोकाही इथेच. ती एक एंट्री थांबली की चौघंही आंधळे होतात.

जॅग्वार लँड रोव्हरने आधी काय सुरू केलं बघा. सप्टेंबरच्या शेवटी कंपनीने सांगितलं, की बिलं हाताळायची क्षमता वाढवली आहे, सप्लायरचे थकलेले पैसे देणं सुरू आहे, पार्ट पाठवणारं केंद्र पूर्ववत होत आहे आणि गाड्यांच्या घाऊक विक्रीची आर्थिक सिस्टीम परत चालू झाली आहे. टप्प्याटप्प्याने उत्पादन सुरू झालं ते ८ ऑक्टोबरला. आधी वही, मग पाना!

या काळात सगळ्यात जास्त घुसमट झाली ती छोट्या सप्लायरची. त्यांच्यावर कोणी हल्ला केला नव्हता, त्यांचे कॉम्प्युटर ठणठणीत होते. पण ऑर्डर बंद, बिल अडकलेलं आणि कामगारांचा पगार मात्र तारखेलाच द्यायचा. ब्रिटिश सरकारने १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी दिली, पण ते कर्ज मोठ्या कंपनीला. तिथून पैसा खाली झिरपेपर्यंत पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपने काय करायचं? तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरच्या अंदाजानुसार एकूण नुकसान सुमारे १९० कोटी पौंडांचं होतं आणि झळ बसली ५,००० हून जास्त संस्थांना.

म्हणून ईआरपी नकोच, असं मी म्हणणार नाही. वहीवर परत जाणं आता कोणालाच शक्य नाही. पण सॉफ्टवेअर विकत घेताना 'हे काय काय जोडतं' एवढंच विचारलं जातं. 'हे बंद पडलं तर पहिल्या दिवशी माल कसा घ्यायचा आणि पगार कसा करायचा' हे कोण विचारतं?

मी भावाला विचारलं. म्हणाला, "एक दिवस सिस्टीम गेली तर रजिस्टरला लिहितो, रात्री बसून एंट्र्या मारतो. दोन दिवस गेली तर कोणाचं रजिस्टर खरं, यावरून भांडणं."

आणि पाच आठवडे गेली तर?

"मग गेटच उघडत नाही रे."