कॅमेरा घ्यायचा, पण बघायचं काय?

मे महिन्यात मी माझ्या रूममेटच्या घरी दापोऱ्याला गेले होते. भुसावळ सुटलं की रावेर आणि मग बुऱ्हाणपूर. स्टेशनवर उतरल्यावर पाट्या हिंदीत, घरात बोलणं मराठीत, आणि भांडण दोन्ही भाषांत! मी मूळची वसईची. आमच्याकडे राजेळीची सुकेळी करतात, म्हणजे केळ्यांचं मला अप्रूप वाटायला नको. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संपता संपत नाहीत असे ते मळे बघून मी गप्पच झाले. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत बुऱ्हाणपूरच्या नावापुढे केळंच आहे, ते उगाच नाही.

रूममेटच्या बाबांची, म्हणजे काकांची, घरामागे दोन खोल्यांची टिश्यू कल्चरची लॅब आहे. केळीच्या कंदातला कोवळा भाग कापून बाटलीत वाढवतात आणि त्यापासून रोपं तयार करतात. एका खोलीत कापाकापी आणि ऑटोक्लेव्ह, दुसऱ्या खोलीत रॅकवर ओळीने काचेच्या बाटल्या. या दुसऱ्या खोलीला खिडकी नाही. तिथे १६ तास ट्यूब चालू, ८ तास अंधार आणि तापमान २५ अंशांच्या आसपास. बाहेर मे महिन्याचं ऊन, तेव्हा आतलं सगळं एसीच्या भरवशावर. कामाला एक मावशी येतात. बाटल्या धुणं, ऑटोक्लेव्ह लावणं, फरशी पुसणं, रॅक मांडणं हे सगळं त्याच करतात.

मी पोहोचले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी एसी बंद सापडला होता. खोली तापली होती आणि तीन रॅकवरची रोपं गेल्यात जमा होती. आता लॅबमध्ये एक स्वस्तातला कॅमेरा होता. काकांनी रेकॉर्डिंग काढलं. त्यात रात्री ८ वाजून ३४ मिनिटांनी मावशी त्या खोलीत येतात, भिंतीवरच्या बोर्डाकडे हात नेतात आणि निघून जातात. मावशींची सुट्टी सहाला होते. त्यांना बोलावून विचारलं तर म्हणाल्या, "मी सहालाच गेले." मग त्यांना व्हिडिओ दाखवला. त्या काहीच बोलल्या नाहीत. घरी गेल्या त्या दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

तो व्हिडिओ त्या दिवशी घरात सगळ्यांनी निदान दहादा पाहिला असेल. मीही पाहिला, आणि खरं सांगायचं तर मलाही मावशी खोटं बोलत असाव्यात असंच वाटलं. शेवटी रूममेटचा धाकटा भाऊ, सातवीतला, जेवता जेवता म्हणाला, "पप्पा, साडेआठला ऊन कसं काय?"

खरंच. मावशी दार उघडतात तेव्हा बाहेरच्या पडवीतल्या फरशीवर उन्हाचा लांबट पट्टा दिसतो. मे महिन्यात इथे सात-सव्वासातला अंधार पडू लागतो. कॅमेरा बसवणाऱ्याने त्याचा टाइम झोन बदललाच नव्हता. तो चीनच्या वेळेवर चालला होता. चीनची वेळ ग्रिनिचच्या आठ तास पुढे, आपली साडेपाच तास, फरक अडीच तासांचा. म्हणजे ८ वाजून ३४ मिनिटं म्हणजे आपल्याकडची ६ वाजून ४ मिनिटं. मावशी रोजच्यासारख्या निघताना एक्झॉस्टचं बटण बंद करत होत्या. एसी बंद पडला तो रात्री वीज गेली तेव्हा. वीज परत आली, पण तो जुना एसी रिमोट दाबल्याशिवाय सुरू होत नाही. वीज गेल्याचं घरातल्या प्रत्येकाला आठवत होतं, कारण पंखा थांबल्यावर सगळे उठून अंगणात येऊन बसले होते. तरी कुणी दोन गोष्टी जोडल्या नाहीत, कारण समोर व्हिडिओ होता.

यावर काकांनी काढलेला निष्कर्ष असा की कॅमेरा भिकार आहे, आता चांगला घ्यायचा. "बेटा, तुला इंग्लिश चांगलं येतं. हे सगळं वाच आणि सांग, कोणता घेऊ." त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. त्यावर पाच मेगापिक्सेल, आठ मेगापिक्सेल, माणूस ओळखणारा, माणसामागे मान फिरवणारा, बोलणारा, ऐकणारा असे कॅमेरे एकाखाली एक होते. साहित्याच्या विद्यार्थिनीला कुणी असं काम सांगत नाही. त्यामुळे मी दोन दिवस ते फारच मनावर घेतलं. त्यातून माझं जे मत झालं ते इथे मांडते आहे. आपल्यातले बरेच जण उद्या कुठल्या तरी शाळेत, लॅबमध्ये, ऑफिसात असतील आणि त्यांनाही कुणीतरी विचारेलच, कोणता घेऊ?

माझं म्हणणं असं, की छोट्या लॅबमध्ये कॅमेरा निवडण्याआधी तो कशाकडे बघणार ते ठरवावं, आणि लॅबमध्ये बघण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे काम करणारी बाई नव्हे. काकांचं नुकसान तापमानाने केलं होतं. कॅमेरा मात्र दाराकडे तोंड करून बसला होता. एसीवरचा आकडा त्याच्या टप्प्यात होता, पण वाचता येत नव्हता.

का येत नव्हता, याचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला. (बारावीपर्यंत सायन्स होतं, थोडं उरलंय.) छोट्या खोलीसाठी दुकानदार २.८ मिलिमीटरची लेन्स देतात. तिचा कोन साधारण १०० अंशांचा, म्हणजे कोपऱ्यात लावला की अख्खी खोली दिसते. तीन मीटरवर तिला सुमारे सात मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. भागाकार केला तर एका सेंटिमीटरच्या वाट्याला तीनसुद्धा ठिपके येत नाहीत. तीन ठिपक्यांत '२५' काय आणि '३८' काय, सारखंच. पाच मेगापिक्सेलचा घेतला तरी ते साडेतीन-चार होतात. पण तोच साधा कॅमेरा थर्मामीटरपासून अर्ध्या मीटरवर लावला तर सेंटिमीटरला सोळा ठिपके मिळतात आणि आकडा स्वच्छ वाचता येतो. पैसे तेवढेच, जागा वेगळी.

इथे मला केंब्रिजची कॉफी आठवली. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकच कॉफीचं भांडं होतं आणि ते 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर असायचं. लांबून चालत यावं तर भांडं रिकामं! क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसेल अशी सोय केली. चित्र काळं-पांढरं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं, जगभरच्या लोकांनी पाहिलं, आणि २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद केला. जगातला पहिला वेबकॅम म्हणून त्याचं नाव घेतात. लॅबमधला हा कॅमेरा भांड्याकडे बघत होता. कोण किती कप पितं, कोण भांडं रिकामं करून नवीन कॉफी न करता जातं, हेही त्याला दाखवता आलं असतं. पण ते काम त्याला कुणी दिलं नव्हतं. आणि १२८ ठिपके पुरले.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण चोरी झाली तर?" प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तर असं की चोरीसाठी कॅमेरा बाहेरच्या दारावर लावा, जो येईल-जाईल तो दिसू दे, तुम्हीसुद्धा. ऑटोक्लेव्हच्या खोलीतही एक असावा असं मीच म्हणाले. ते भांडं १२१ अंशांवर, वातावरणापेक्षा १५ पौंड जास्त दाबाखाली चालतं आणि मावशी तिथे बहुतेक वेळा एकट्या असतात. वाफेने भाजलं, चक्कर आली, तर घरातल्या कुणालातरी कळायला हवं. म्हणजे मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. 'निगा' आणि 'निगराणी' हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले, आणि दोन्हींच्या मुळाशी बघणंच आहे. निगा आपण रोपांची राखतो, म्हाताऱ्या माणसांची राखतो. निगराणीखाली कोण असतं, ते पाट्यांवर लिहिलेलंच असतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. रोपांच्या खोलीत आठ तास अंधार असतो, तेव्हा कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. समोर काचेच्या बाटल्या असल्या तर तो उजेड परत येतो आणि पडद्यावर नुसता पांढरा गोळा दिसतो. म्हणून कॅमेरा बाटल्यांच्या थेट समोर न लावता थोडा तिरपा लावावा. वायफायपेक्षा वायर बरी. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जाणारे कॅमेरे मिळतात, ते घ्यावेत, आणि रेकॉर्डर, स्विच, राउटर असं सगळंच इन्व्हर्टरवर ठेवावं. नाहीतर वीज जाते त्याच वेळेचं रेकॉर्डिंग नसतं, आणि तेच हवं असतं. भिंतीला भोकं पाडायची ती लॅब धुण्याआधी पाडावीत. त्या धुळीतून बुरशी आली तर कॅमेऱ्यानेच रोपं मारली असं होईल. साठवणुकीचं म्हणाल तर सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने एका कॅमेऱ्याचं दिवसाला साडेएकवीस जीबी होतं. पंधरा दिवसांचे सव्वातीनशे जीबी. दुकानदार दोन टीबीची डिस्क गळ्यात मारत असेल तर आधी विचारा, किती दिवसांचं ठेवायचंय आणि का.

पासवर्डवर मात्र थोडं थांबते. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीच्या खोलीतलं चित्रण बाहेर गेलं, विकलं गेलं. तिथला पासवर्ड 'अ‍ॅडमिन१२३' होता असं बातम्यांत आलं होतं. त्या बायकांच्या सुरक्षेसाठीच कुणीतरी तो कॅमेरा लावला असेल ना? काकांच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड काय होता ते मी सांगत नाही, पण तुम्ही पहिल्या प्रयत्नात ओळखाल.

आणि आवाज. बाजारातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत आता माइक असतो. जुलै २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांसाठी नियम बदलला. स्वच्छतागृहं सोडून वर्ग, जिने, वाचनालय, लॅब सगळीकडे आवाजासह चित्रण हवं, आणि ते निदान १५ दिवस ठेवायला हवं. त्याआधी बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक केले होते. पोलीस ठाण्यांत आवाजासह कॅमेरे हवेत असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. या सगळ्यामागे भयंकर गोष्टी घडलेल्या आहेत आणि मला त्यावर शहाणपण शिकवायचं नाही. पण पोलीस ठाण्यातला कॅमेरा ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर नजर ठेवतो. दोन खोल्यांच्या लॅबमध्ये तोच कॅमेरा ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर रोखला जातो. मावशी बाटल्या धुताना फोनवर मुलीशी बोलतात. ते काकांच्या मोबाइलमध्ये पंधरा दिवस कशाला हवं? माइक बंद करा, असं मी स्पष्ट सांगितलं. काकू लगेच म्हणाल्या, "बरोबर बोलते पोरगी." मला वाटतं, त्यांनाही लॅबमध्ये फोनवर बोलायचं असतं.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात त्रिकोणातल्या एका डोळ्याचं चित्र असायचं, देव सगळं बघतो म्हणून. मला त्याची भीती वाटायची, पण त्या डोळ्याचा टाइम झोन चुकेल अशी शंका कधी आली नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत आपण तीच श्रद्धा ठेवतो. कोपऱ्यातले ते आकडे बघितले की आपल्याला वाटतं हे खरंच असणार. त्यामुळे माझ्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कॅमेऱ्याच्या दुकानात मिळत नाही. एक साधं, मोठ्या आकड्यांचं, सेलवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ. ते कॅमेऱ्याला दिसेल असं लावायचं, म्हणजे दोन वेळा एकमेकींना तपासतील.

काकांनी शेवटी दोन मेगापिक्सेलचे तीन साधे कॅमेरे घेतले. एक बाहेरच्या दारावर, एक ऑटोक्लेव्हच्या खोलीत, एक थर्मामीटरसमोर. शिवाय तापमान वाढलं की मोबाइलवर वाजणारं एक छोटं यंत्र. ते कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडलं आणि मला विचाराल तर आधी तेच घ्यायला हवं होतं. घड्याळ बाहेरच्या दाराशेजारी लागलं.

मावशींकडे काकू स्वतः गेल्या होत्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मावशी कामावर आल्या. मी निघेपर्यंत रोज पाहिलं. सहा वाजता दाराला कडी लावल्यावर त्या त्या घड्याळाखाली उभ्या राहतात, वर कॅमेऱ्याकडे बघतात आणि मग जातात. असं करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही.