फ्लॉरेन्समधला पाऊण तास

कोचमधून युरोप पाहणाऱ्या मराठी माणसाची टवाळी करणे ही आपल्या साहित्यवर्तुळातील एक रूढीच होऊन बसली आहे. त्याच्या पिशवीतला चिवडा, गळ्यातला कॅमेरा आणि ‘दहा दिवसांत सात देश’ हा हिशेब यांवर आम्हीही स्टाफरूममध्ये पुष्कळ हसलो आहोत. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघे सहकारी अशाच एका सहलीत सामील झालो, आणि तेव्हापासून हा हसण्याचा हक्क आम्ही गमावला आहे. मात्र एक तक्रार शिल्लक उरली. ती वेगळी आहे, म्हणून येथे मांडतो.

दिवस पिसा आणि फ्लॉरेन्सचा होता. पिसाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ११७३ साली बांधू घेतलेला तो मनोरा पडू नये म्हणून इतरांप्रमाणे आम्हीही हवेत तळवे टेकवून छायाचित्रे काढून घेतली.

दुपारी फ्लॉरेन्स. येथे घाई होती, पण घाईबद्दल आमची तक्रार नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला पंचेचाळीस मिनिटे विश्रांती द्यावीच लागते, दिवसभरातले गाडी चालवण्याचे तास मोजलेले असतात आणि त्यांची नोंद गाडीतले यंत्र ठेवते. प्रवाशांचे घड्याळ या यंत्राला बांधलेले असते. श्रमणाऱ्या माणसाच्या विश्रांतीवर उठून आम्हांस बोत्तिचेल्ली पाहायचा नाही.

प्रश्न आहे तो निवडीचा. प्रथम पियाझाले मिकेलांजेलोवर ‘फोटो स्टॉप’. तेथे ‘डेव्हिड’ची ब्राँझमधली प्रतिकृती आहे. पुढे पियाझा देल्ला सिन्योरियात त्याच डेव्हिडची संगमरवरी प्रतिकृती. मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमियात आहे. तेथे तिकीट लागते, रांग लागते, म्हणून तो वगळलेला. नंतर सान्ता क्रोचेचे चर्च, तेही बाहेरून. आत मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि दान्ते यांची थडगी आहेत, असे सांगण्यात आले. वस्तुतः दान्तेचे थडगे रिकामे आहे. १३०२ साली याच शहराने त्याला हद्दपार केले. १३२१ मध्ये तो रावेन्नाला वारला आणि त्याच्या अस्थी आजही तेथेच आहेत. आमच्यातल्या एकाने दुरुस्ती करण्यासाठी शिक्षकी सवयीने तोंड उघडले होते. पण तोवर मंडळी चामड्याच्या वस्तूंच्या दुकानाकडे वळली होती. तेथे पाऊण तास गेला. जाकिटाला काडी लावून कातडे अस्सल असल्याची खात्री पटवून देण्यात आली. दिवसभरात मूळ वस्तू म्हणून आम्हांला जे दाखवले गेले, ते एवढेच.

दुकानाच्या दारात आम्ही टूर मॅनेजरला विचारले, “कोल्हापूरच्या महाराजांची छत्री इथेच आहे ना? तिकडे जाता येईल का?”

“सर, ते प्रोग्रॅममध्ये नाही. आणि तिथे बघायला काय आहे?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते.

शहराच्या पश्चिम टोकाला, कास्चिने उद्यानात, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर ही छत्री आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे विशीतले. हे शहर तेव्हा इटलीची राजधानी होते. खास परवानगी मिळून नदीकाठी, रात्रीच्या वेळी, हिंदू पद्धतीने त्यांचे दहन झाले. १८७४ साली तेथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढे त्यानेच रचला. जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. म्हणजे त्यांच्या रोजच्या बोलण्यात तो तरुण राजा आहे. आमच्या मराठी कोचच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही.

परंतु हा राग टूर मॅनेजरवर काढणे सोपे आहे. प्रवासवर्णनाचा पेपर आम्ही कित्येक वर्षे शिकवतो. गोडसे भटजींपासून निघतो, काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’पाशी थोडे थांबतो, ‘अपूर्वाई’वर मनसोक्त रेंगाळतो आणि परीक्षेच्या आत मुक्कामी पोचतो. हेही फोटो स्टॉपच. राजाराम महाराजांची युरोप दौऱ्याची दैनंदिनी कॅप्टन वेस्टच्या संपादनाखाली १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ती इंग्रजीत आहे, म्हणून आमच्या पेपरच्या वाटेवर येत नाही. संपादकाचा हात तिच्यावर किती फिरला, हा वर्गात तासभर चालावा असा प्रश्न. शिवाय महाराजांचा दौराही इतरांनीच आखलेला होता. कोठे थांबायचे, कोणाला भेटायचे, हे ठरवणारा एक गोरा अधिकारी सोबत होता. मार्गदर्शित सहलीतल्या मराठी प्रवाशाचे इतके जुने आणि इतके करुण उदाहरण हाताशी असताना आम्ही ते कधी वर्गात उघडले नाही.

बस महामार्गाला लागल्यावर टूर मॅनेजरने भलेपणाने माईक आमच्या हाती दिला. दहा मिनिटांत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. निम्मी बस झोपली होती. पुढच्या आसनावरचे कोल्हापूरचे एक निवृत्त मास्तर मात्र वळून बसले.

“आमचे महाराज इथं गेले आणि आम्ही पर्सा बघत बसलो होय?” ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारले, “त्या डायरीत काय लिहिलंय हो त्यांनी?”

आम्हा तिघांपैकी कोणीही ती तोवर वाचलेली नव्हती.